आतली वही

हानुसने निवृत्त होताना मला दोन वह्या दिल्या.
वह्या नव्हेतच खरं तर, दोन सर्व्हर,
पण तो वह्याच म्हणायचा:
आतली आणि बाहेरची.
दोन्हींवर एकच नाव, नोर्दबक्की-डॉट-एफओ.

"घराला कुणी दोन नावं ठेवतं का?"
आमच्या बेटांवर घरांनाही नावं असतात
आणि माणूस अमक्या घराचा म्हणूनच ओळखला जातो.
मला पटलं. तेविसावं वर्ष होतं,
पगार मिळणार होता,
बंदरासमोरची खिडकी मिळणार होती.

बाहेरच्याने नाव विचारलं
तर बाहेरची वही दर्शनी दार दाखवते:
निळं पाणी, बर्फावर मांडलेला कॉड,
आणि एक हसरी बाई
जी आमच्याकडे कधीच कामाला नव्हती.
आतल्याने तेच नाव विचारलं
तर आतली वही सांगते
शीतगृह कुठे, वजनकाटा कुठे,
हजेरी कुठे, प्रिंटर कुठे.

गोची एवढीच
की आतल्या वहीला वाटतं
या नावाचं जे काही आहे ते सगळं आपल्यातच लिहिलंय.
लिहिलेलं नसलं
तर "ठाऊक नाही, बाहेर विचारून बघ"
असं ती म्हणत नाही.
म्हणते, "असं काही नाहीच."

म्हणून बाहेर काही बदललं
की आत येऊन तीच ओळ पुन्हा लिहायची.
अकरा वर्षं लिहिली.
एकदा विसरले, तर विक्रीतला त्रोंडूर
आपलीच साइट बघायला
फोन घेऊन धक्क्याच्या टोकाला उभा,
वाऱ्यात, टोपी दातांत धरून.
काखेत कळसा.
मी खिडकीतून हसले होते.

मार्चमधल्या एका मंगळवारी
सकाळी सात चाळीसला
कोपनहेगनच्या कचेरीने त्याच नावाखाली
एक नवी खोली उघडली: निवेदन.
बाहेरच्या वहीतली ओळ त्यांनीच लिहिली.
आतलीचं मला कुणी सांगितलं नाही.

जगाने वाचलं.
ग्रिम्सबीतल्या गिऱ्हाइकाने वाचलं,
ऑर्हूसला शिकणाऱ्या पोरांनी वाचलं,
ट्रॉलरवर, बर्फाच्या कडेला, उपग्रहावरून वाचलं:
फिले कापायची लाइन जूनअखेर बंद.
त्रेसष्ट माणसं.

आत नऊच्या कॉफीला
सुन्नुवा हातमोजे काढून कॅन्टीनच्या संगणकापाशी आली.
लॉकरमधल्या फोनवर बहिणीचा निरोप होता,
"तुमच्याच साइटवर आहे, बघ ना."
फोन कारखान्याच्या वाय-फायवर. त्यावर काही दिसेना.
मग संगणकावर, एका बोटाने,
थंडीने लाल झालेल्या,
एकेक अक्षर.
असं काही नाही.
ती वळून बाकीच्यांना म्हणाली,
"नाहीये गं. उगाच कुणीतरी उठवलंय."
बावीस जणींनी कप विसळले
आणि सुऱ्यांकडे परत गेल्या.
दीड तास काटे काढत होत्या,
रेडिओ लावून.

मला सात पन्नासलाच कळलं होतं,
कामावर येताना, रस्त्यात, मोबाइलवर.
एक ओळ: नाव, चार आकडे, एन्टर.
चाळीस सेकंदांचं काम.
साडेदहापर्यंत मी ती लिहिली नाही.
कुणी विचारलं तर सांगते, लक्षात आलं नाही.
हानुस भेटला होता दुकानात, बटाटे निवडत.
त्याने विचारलं नाही.
मला अजून ठरवता येत नाही
मी तो दीड तास त्यांना दिला
की त्यांच्याकडून घेतला.

आता खाली नुसती फरशी आहे, धुतलेली.
वजनकाटा आइसलंडला गेला.
आतल्या वहीत त्याची ओळ तशीच आहे;
विचारलं तर पत्ता देते,
अगदी खात्रीने,
आणि त्या पत्त्यावर
कुणीच ओ देत नाही.